कोण गावचे? : भूमिका-खेळ, विश्वरचना आणि मराठी सर्वनामे

कादंबरीच्या समीक्षेत 'विश्व' हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की त्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. अमुक लेखकाचे विश्व, ग्रामीण विश्व, महानगरीय विश्व असे आपण म्हणतो, तेव्हा हा शब्द कधी आशयद्रव्यासाठी येतो, कधी भूभागासाठी, तर कधी नुसत्या भारदस्तपणासाठी. गेल्या काही वर्षांत ज्या एका लेखनप्रकाराशी माझा उशिरा आणि काहीशा अनिच्छेनेच संबंध आला, तिथे मात्र हा शब्द अक्षरशः घ्यावा लागतो. संगणकावरचे अद्भुतरम्य भूमिका-खेळ हा तो प्रकार. खेळणारी मुले त्यांना आरपीजी म्हणतात. इथे लेखकाला आधी राहण्याजोगे जग लिहावे लागते. त्यात वाटा, धर्मशाळा, देवळे, जुनी वैरे, कर, अफवा हे सारे आले. कथानक मागाहून येते, आणि तेही वाचकाने पायपीट करून गोळा करायचे असते.

हे लेखन परिमाणानेही लहान नाही. १९९९ सालच्या 'प्लेनस्केप: टॉरमेंट' या खेळातील मजकूर सुमारे आठ लाख शब्दांचा असल्याचे सांगितले जाते, २०१९ सालचा 'डिस्को इलिसियम' दहा लाखांच्या पुढे जातो. हा मजकूर सलग कुठेच नसतो. तो दारांवर, थडग्यांवर, फडताळातल्या पुस्तकांत, तलवारीच्या वर्णनात, पहारेकऱ्याच्या पुटपुटण्यात विखुरलेला असतो. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात अशा संहितांची चर्चा करताना वाचकाच्या श्रमाला मध्यवर्ती स्थान दिले, ते योग्यच होते. पान उलटणे हा इथला वाचनश्रम नव्हे. डोंगर चढून गेल्याशिवाय डोंगरावरचे वाक्य मिळत नाही.

या प्रकाराच्या सिद्धान्तनाची सुरुवात बहुधा टॉल्किनपासून केली जाते. परीकथेविषयीच्या त्याच्या १९३९ च्या व्याख्यानात, जे १९४७ साली निबंधरूपाने छापले गेले, दुय्यम सृष्टीची कल्पना आहे: लेखक एक उपसृष्टी निर्माण करतो आणि तिच्या अंतर्गत सुसंगतीमुळे वाचकाची तिच्यावर श्रद्धा बसते. खेळ लिहिणाऱ्यांनी ही कल्पना जवळजवळ धर्मग्रंथासारखी स्वीकारली. नकाशा हवा, कालपट हवा, राजवंशावळ हवी. याच्या उलट टोकाला जपानी 'डार्क सोल्स' (२०११) आहे. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे की लहानपणी ते पूर्ण न समजणारी इंग्रजी पुस्तके वाचत आणि न समजलेला भाग कल्पनेने भरून काढत. त्यांच्या खेळात जग जवळजवळ सांगितलेच जात नाही. एखाद्या गंजलेल्या अंगठीच्या वर्णनातल्या दोन ओळींवरून ते जुळवावे लागते. वोल्फगांग ईझरने ज्यांना संहितेतील रिकाम्या जागा म्हटले, त्या जागा हाच इथला मुख्य मजकूर आहे.

मराठी समीक्षेला हा प्रदेश परका वाटावा याला इतिहास आहे. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्यासारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी आपल्याकडे या वाङ्मयप्रकाराचा आरंभ झाला, आणि काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या निबंधात या अद्भुताचा समाचार घेतला. तेव्हापासून वास्तवाशी इमान ही आपली कसोटी झाली. ती कसोटी टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. पण सृष्टी रचण्याच्या कृतीविषयी विचार करण्याची आपली सवय त्या झटापटीत मोडली, हे खरे.

माझ्यापुरती ही सवय पुन्हा जागी केली ती माझ्या भाच्याने. तो बीड जिल्ह्यातला, तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेला, आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामावर होता. खराबवाडीत एका खोलीत पाच जण राहत. तिसरी पाळी संपवून आला की तो जुन्या लॅपटॉपवर दोन तास 'मॉरोविंड' (२००२) किंवा 'स्कायरिम' (२०११) खेळे आणि मग झोपे. मी आयुष्यभर पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवले. माझ्याकडे तो रविवारी जेवायला येई. एका रविवारी त्याने एक डायरी पुढे ठेवली. कुठल्याशा पुरवठादाराने दिवाळीला वाटलेली, तारखांची. तीत त्याने एका खेळाचे जग लिहिले होते. "मामा, शुद्धलेखन तपासू नका," तो म्हणाला, "फक्त हे लोक बोलतात तसं बोलतील का ते सांगा."

त्याच्या जगाचे नाव चक्रदुर्ग. नदीकाठी एक भुईकोट किल्ला, नुकताच वेढा उठलेला, एक बुरूज उडालेला, मागे लेण्यांचा डोंगर, भोवती नऊ गावे. नायक वेढ्यानंतर येतो. कोण, कुठला, ते खेळणाऱ्याने ठरवायचे. पहिल्या पानावर वेशीचा पहारेकरी आहे. तो नायकाला हटकतो. त्या एका वाक्यापाशी भाचा तीन आठवडे अडला होता, आणि माझ्या मते ती अडचण या लेखनप्रकाराविषयी पुष्कळ काही सांगते.

इंग्रजीत पहारेकरी काहीही म्हणू शकतो, कारण त्या भाषेतले द्वितीयपुरुषी सर्वनाम लिंग सांगत नाही, दर्जा सांगत नाही, जवळीकही सांगत नाही. खेळणारा पुरुष होऊन आला काय, स्त्री होऊन आला काय, सरदार काय नि भिकारी काय, वाक्य तेच चालते. या खेळांचे सारे अर्थकारणच त्या कोऱ्या सर्वनामावर उभे आहे असे मला वाटते. मराठीत पहारेकऱ्याला तोंड उघडण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो. 'कुठून आलास?' की 'कुठून आलीस?' की 'कुठून आलात?' लिंगाच्या दोन रूपांत दर्जाची रूपे मिसळली की एकेक ओळ तीनदा-चारदा लिहावी लागते. सोपी पळवाट 'तुम्ही'ची. 'आलात'मध्ये लिंग झाकले जाते. भाच्याने आधी तीच धरली. मग पहारेकरी, दरोडेखोर, भटियारीण, डोंगरावरची देवी सगळेच नायकाला 'तुम्ही' म्हणू लागले आणि चक्रदुर्गाची बँक झाली. टोकन घ्या, बसा, बोलावतो.

मग त्याला व्याकरणाने एक गंमत दाखवली. ती शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, पण तिच्याकडे या बाजूने पाहण्याचा प्रसंग मला कधी आला नव्हता. सकर्मक भूतकाळात मराठी क्रियापद कर्त्याच्या लिंगाकडे बघत नाही. 'तू दार उघडलेस', 'तू तलवार घेतलीस', 'तू त्याला मारलेस' ही वाक्ये पुरुषालाही लागू आणि बाईलाही. भविष्यकाळात 'तू जाशील', आज्ञार्थात 'थांब', तिथेही तेच. लिंग उघडे पडते ते अकर्मक भूतकाळात: आलास, गेलीस, बसलास, थकलीस. आणि साध्या वर्तमानकाळात: करतोस, करतेस. म्हणजे केलेले कृत्य, दिलेले वचन आणि सोडलेला हुकूम यांना मराठीत कर्त्याचे लिंग चिकटत नाही. येणे, जाणे, बसणे, पडणे यांना मात्र ते चिकटते. भाच्याने त्यावरून आपल्या देवीची भाषा ठरवली. ती नायकाशी त्याने काय केले एवढेच बोलते. तो आला की नाही, दमला की नाही, याची ती दखलही घेत नाही. देवीला शोभणारा हा अलिप्तपणा त्याने प्रयोगविचारातून काढला. खेळातील विश्वरचना म्हणजे काय, याचे इतके नेमके उदाहरण मला टॉल्किनच्या निबंधात सापडले नाही.

हा प्रश्न केवळ आपला नव्हे. पोलिश भाषेतही भूतकाळाचे क्रियापद लिंग सांगते. 'विचर' मालिकेत नायक एकच, पुरुष, आणि नाव ठरलेले, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. पण त्याच संस्थेच्या 'सायबरपंक २०७७' (२०२०) मध्ये नायक स्त्री किंवा पुरुष होऊ शकतो, आणि पोलिश संहितेला दोन्ही रूपे बाळगावी लागतात. याच्या उलट एस्टोनियन भाषेत व्याकरणिक लिंगच नाही. 'डिस्को इलिसियम'चे प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्विट्झ एस्टोनियाचे. त्यांनी त्या जगावर आधी, २०१३ साली, एस्टोनियन भाषेत एक कादंबरी लिहिली. ती फारशी खपली नाही. मग तेच जग त्यांनी खेळाच्या रूपाने इंग्रजीत लिहिले आणि ते जगभर गेले. एस्टोनियाची सारी लोकसंख्या तेरा-चौदा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. या आकड्यांची तुलना करून हळहळण्यात अर्थ नाही. लहान भाषेतल्या माणसाने इंग्रजीकडे जावे याचे कारण समजते. आपण का गेलो याचे कारण संख्येत सापडणार नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' (२०२०) पाहावा. तो भूमिका-खेळ नव्हे, साहसखेळ आहे. त्यात दुर्गा आणि विष्णू निवेदक आहेत, आणि मूळ संवाद इंग्रजी. नायिकेला नाव आहे, लिंग आहे, शोधायला एक भाऊ आहे. त्यामुळे सर्वनामाची गाठ तिथे पडतच नाही. खेळ देखणा आहे, पण त्याच्या देवतांना मराठी बोलावे लागले असते तर त्यांनी त्या मुलीला काय म्हटले असते, हे कुतूहल मला राहिले.

पहारेकऱ्याकडे परत जाऊ. लिंगाचा आणि दर्जाचा प्रश्न सोडवला तरी दुसरा उरतो, आणि तो व्याकरणाचा नाही. मराठी वेशीवरचा माणूस परक्याला नाव विचारत नाही. तो विचारतो, 'कोण गावचं पाव्हणं?' गाव कळले की आडनाव, आडनाव कळले की बाकीचे सारे त्याला कळते, आणि मग तो ठरवतो की पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचे. ही मुलाखत निरागस नाही, हे सांगण्याची गरज नसावी. उलट इंग्रजी भूमिका-खेळाचा नायक बहुधा पूर्वेतिहास पुसलेला असतो. 'प्लेनस्केप: टॉरमेंट'चा नायक अनामिक आहे आणि शवागारात जागा होतो. 'डिस्को इलिसियम'चा नायक स्वतःचे नावही विसरून एका खोलीत उठतो. 'मॉरोविंड'चा नायक कैदी म्हणून जहाजातून उतरवला जातो, आणि पहिले काम म्हणजे शिरगणती-कचेरीत जाऊन कारकुनापुढे स्वतःची नोंद करणे. पुढे अख्खा प्रदेश त्याला 'परका' म्हणून हिणवतो. या स्मृतिलोपाचे तांत्रिक कारण उघड आहे: नायकाला जेवढे ठाऊक, तेवढेच खेळणाऱ्याला ठाऊक असावे. पण त्याला एक सामाजिक आशयही आहे. जिथे गाव विचारले जात नाही, अशी ही सृष्टी आहे. चाकणच्या पट्ट्यात पाळी करून आलेल्या मुलाला त्या सृष्टीचे आकर्षण का वाटावे, हे मला त्या डायरीमुळे कळले.

त्या पट्ट्यात रोज हजारो माणसे फाटकावर थांबतात. रखवालदाराच्या वहीत नाव, वेळ, आणि कंत्राटदाराचे नाव. गावाचा रकाना नसतो. बाहेर खोली घेताना मात्र घरमालक पहिल्यांदा गावच विचारतो. बीड, लातूर, बुलढाणा, बिहार, ओडिशा, आणि त्यातल्या प्रत्येकाविषयी मालकाचे मत ठरलेले. एकीकडे गाव नसलेला नायक, दुसरीकडे गावाशिवाय काहीच नसलेला भाडेकरू. दोन्ही एकाच अंगात, आणि मध्ये फक्त फाटक. भाच्याने पहारेकऱ्याच्या प्रश्नाला उत्तराचे चार पर्याय लिहिले होते आणि चारही खोडले होते. खरे गाव सांगणे, खोटे सांगणे, न सांगणे, उलट विचारणे. "कुठलंही निवडलं तरी पहारेकरी तेच वागेल, मग पर्याय कशाला?" असे त्याचे म्हणणे. निवडीचे स्वातंत्र्य हे या प्रकाराचे घोषवाक्य आहे. 'स्कायरिम'मध्ये दहा वंशांतून एक निवडता येतो आणि त्याने लोकांच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही; समीक्षक याला उणीव म्हणतात. भाच्याला ती उणीव वाटत नव्हती. त्याला ती सुटी वाटत होती.

डायरीतला सगळ्यात भरीव भाग म्हणजे स्थानांच्या नोंदी. एकेका तारखेच्या पानावर एकेक जागा: दाराचे तोंड कुठे, ओटा कुठे, तिथे कोण बसले होते, काय झाले. त्या वाचताना मला सारखी आठवण होत होती ती महानुभावांच्या 'स्थानपोथी'ची. चौदाव्या शतकातली मानली जाणारी ही पोथी चक्रधर जिथे जिथे गेले, राहिले, बसले, त्या जागांची नोंद करते. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणत्या दिशेला, अवस्थान कुठे, हे ती निर्विकारपणे सांगते. कथा तीत जवळजवळ नसते. ती 'लीळाचरित्रा'त असते. वाचक एका हातात जागा आणि दुसऱ्या हातात लीळा धरून चालतो. ॲन फेल्डहाऊस यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात या साहित्याच्या आधारे महाराष्ट्र हा प्रदेश चालण्यातून कसा कल्पिला गेला याची चर्चा केली आहे. मला त्यात एका रचनातत्त्वाचे दर्शन होते. जगाची खात्री पटते ती नकाशाच्या सुसंगतीने नाही, तर साक्षीने: इथे हे झाले, आणि अमक्याने पाहिले.

साक्षी मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. म्हाइंभटाने लीळा गोळा केल्या त्या ज्याच्या-त्याच्याकडे जाऊन, विचारून. आणि पुढे पाठ वेगवेगळे झाले तेव्हा परंपरेने ते एकसारखे केले नाहीत. 'वासना' या नावाने ते शेजारी शेजारी नोंदवले: अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी. धर्मग्रंथाने आपल्याच पोटात पाठभेद असे सांभाळावेत, ही गोष्ट मला नेहमीच थोर वाटत आली आहे. 'मॉरोविंड'मध्ये नेरेवार नावाच्या वीराचा मृत्यू कसा झाला याविषयी खेळातल्याच निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळी हकीकत येते आणि खेळ शेवटपर्यंत निवाडा देत नाही. त्याच मालिकेतल्या आधीच्या 'डॅगरफॉल'ला (१९९६) अनेक शेवट होते. पुढच्या खेळांनी त्यांतला एक खरा न मानता काळच तिथे दुभंगला आणि सारे शेवट एकदम घडले असे सांगितले. अमेरिकेतल्या लेखकांनी युक्ती म्हणून शोधलेली ही गोष्ट म्हाइंभटाच्या वारसांना युक्ती वाटली नसती.

भाच्याच्या डायरीत बुरूज कसा उडाला याच्या पाच हकीकती आहेत. चाकणच्या खऱ्या किल्ल्याला, संग्रामदुर्गाला, १६६० साली शायिस्ताखानाने वेढा घातला, फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला, आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावर किल्ला पडला, हे सर्वांना माहीत आहे. त्याने ही नावे वापरलेली नाहीत, आणि ते शहाणपणाचे आहे. चक्रदुर्गातला कुंभार म्हणतो बुरूज आतूनच पोकळ होता. विधवा म्हणते तो तिच्या नवऱ्याने वेळेवर दुरुस्त केला होता. एक मुलगा म्हणतो तो उडालाच नाही, अजून आहे, दिसत नाही इतकेच. जागांचेही तसेच. दशरथाच्या रथाचे चाक पडले म्हणून चाकण, ही चक्रेश्वराची लोककथा त्याने वेशीवर ठेवली आहे. तुकोबांच्या चिंतनाचे स्थान म्हणून वारकऱ्यांना पूज्य असलेला भामचंद्राचा डोंगर लेण्यांसह मागे उभा आहे. खऱ्या डोंगराच्या पायथ्याशी आता वासुली-शिंदे परिसरात कारखान्यांचे भूखंड आले आहेत. म्हाळुंगे, निघोजे, सावरदरी, भांबोली ही नावे कामगारांच्या तोंडी टप्पा एक, टप्पा दोन अशी झाली आहेत. भाचा त्या पट्ट्यात तीन वर्षे राहिला. संग्रामदुर्गाची तटबंदी त्याने प्रथम पाहिली ती डायरी लिहायची म्हणून, सुटीच्या दिवशी, मोजपट्टी घेऊन.

एक साधी गोष्ट सांगायची राहिली, आणि तीही सर्वनामाचीच आहे. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) सारख्या खेळात नायकाचे सोबती असतात. त्यांचे मन जिंकले की नाही हे संकेताने कळते: अमक्याला तुझे कृत्य पटले, अमक्याला पटले नाही, आणि आत कुठेतरी आकडा वरखाली होतो. मराठीला हा आकडा नको. आपल्याकडे प्रथमपुरुषाची दोन अनेकवचने आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटले की आत. इंग्रजीला हा भेद करता येत नाही. भाच्याच्या खेळातली भटियारीण पुढे नायकाची सोबतीण होते, आणि सुरुवातीपासून ती 'आम्ही' म्हणते: आम्ही हे खात नाही, आम्ही त्या वाटेने जात नाही, आम्ही उद्या निघणार. एका ठिकाणी तिने 'आपण' म्हणायचे आहे. बाकी काही घडायचे नाही; ना संगीत, ना सूचना. ज्याचे लक्ष असेल त्याला ऐकू येईल. सगळ्या डायरीत मला याहून नाट्यमय जागा दिसली नाही. त्या ओळीपुढे त्याने पेन्सिलीने 'कधी?' असे लिहून ठेवले होते; खेळाला अट लागते, कोणती घटना झाल्यावर हे वाक्य यावे, ते सांगावे लागते.

मी सुचवले की दोघे एका ताटात जेवल्यावर. त्याने मान हलवली. खोलीत पाच जण दोन वर्षे एकाच कुकरमधले खातात, तो म्हणाला, आणि खानदेशातले दोघे अजून आमच्याशी बोलताना 'आम्ही'च म्हणतात, आम्हीही.